दाढी चालू असताना विनोद सांगू नये

आमच्या गल्लीत त्यांना डुलकी म्हणत. तोंडावर काका, आणि पाठ वळली की डुलकी. "डुलकीच्या दुकानात खुर्च्या दोन. एक गिऱ्हाइकाची, दुसरी त्याच्या झोपेची," असे समोरचा घड्याळवाला म्हणे. दूध घालणारी बाई म्हणे, "अंगात आळस मुरलाय नुसता. बायको खमकी मिळाली म्हणून दुकान तरी उघडतं." आणि या सगळ्यावर कडी करणारी तक्रार सर्वांचीच होती. झोपतो तो झोपू दे, पण जागा असतो तेव्हा तरी माणसाने हसावे की नाही? याचा चेहरा कायम दात दुखत असल्यासारखा.

झोपतो आणि हसत नाही. या दोन तक्रारी एकाच दुखण्याच्या आहेत, हे कळायला आम्हांला फार वर्षे लागली.

काका न्हावी होते. त्यांच्या सलूनवरच्या खोलीत मी भाड्याने राहत असे. दिवसा झोपणारा माणूस एक तर आजारी असतो किंवा बिनकामाचा, एवढी समज मी गावाहून घेऊन आलो होतो, आणि काका आजारी दिसत नसत. दुकान अरुंद होते. एक लांब आरसा, त्याच्यापुढे दोन खुर्च्या, भिंतीला लागून बाकडे, आणि मागे एक जाड पडदा. पडद्याआड हात धुण्याची मोरी व तीन फळ्या ठोकून केलेला झोपण्यापुरता ओटा. तिथूनच मागच्या घरात जायची वाट होती. आरशाच्या वर, येणाऱ्याची नजर जाईल अशा बेताने एक पाटी टांगलेली होती. तिच्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिले होते : दाढी चालू असताना विनोद सांगू नये.

ही पाटी दाखवायला लोक पाहुण्यांना घेऊन येत. नवे गिऱ्हाईक हमखास विचारी, "का हो, विनोदाचं काय वाकडं आहे तुमच्याशी?"

"माझं नाही, वस्तऱ्याचं आहे," काका म्हणत. "मान सरळ ठेवा."

पाटी म्हणजे डुलकीचा शिष्टपणा, असे सर्वांनी ठरवून टाकले होते. पाटी त्यांनी कशाला लावली, हे फक्त काकूंना माहीत होते.

झोपेशी काकांचे रोजचे भांडण होते आणि त्यात त्यांनी आपल्या परीने अनेक युक्त्या काढल्या होत्या. सकाळी त्यांना त्यातल्या त्यात हुशारी वाटे, म्हणून सगळ्या दाढ्या ते सकाळीच उरकत; जेवणानंतर हातात फक्त कात्री. खुर्चीत माणूस असेपर्यंत ते कधी टेकत नसत. मानेवर ओला पंचा असे. पायांतले बूट मुद्दाम एक माप लहान घेतलेले, म्हणजे बोटे चेमटत आणि डोळे उघडे राहत. वस्तरा धरण्याची त्यांची तऱ्हाही निराळी होती. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट गिऱ्हाइकाच्या गालाच्या हाडावर टेकवून ते बाकीच्या बोटांनी पाते चालवत. त्यांचा हात ढिला पडलाच, तर पाते आत न वळता बाहेर, खांद्यावरच्या टॉवेलवर पडावे, असा तो हिशेब होता. आयुष्यभरात त्यांच्या हातून कुणाला मोठी जखम झाली नाही. लोक याला नशीब म्हणत.

दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये ते पडद्याआड जात. डोळे मिटताक्षणी त्यांना स्वप्न पडे, आणि स्वप्नातही दुकानच चालू असे. बाहेर येऊन ते विचारत, "ते उंच गृहस्थ गेले का? त्यांच्या मिशा राहिल्यात." बाकड्यावर बसलेली मंडळी एकमेकांना कोपर मारत. कुणी उंच गृहस्थ आलेले नसत.

त्यांची सर्वांत गाजलेली चूक पोस्टातून निवृत्त झालेल्या एका कारकुनाची. हे गृहस्थ सकाळी दाढीला बसले. काकांनी तोंडभर साबण फासला, आणि उभ्या उभ्याच त्यांचा डोळा लागला. तिकडे खुर्चीत कारकूनही पेंगले. बऱ्याच वेळाने दोघे जागे झाले, साबण पुसला गेला, काकांनी कपडा झटकला, कारकून समाधानाने घरी गेले. आणि लगेच परत आले.

"अहो, माझी दाढी?"

"झाली ना."

"हात लावून बघा."

काकांनी हात लावला. खुंट जसेच्या तसे होते. घड्याळवाला हे उंबऱ्यावरून पाहत होता. "अरे, दोघांनी मिळून एक झोप काढली आणि तिचे पैसे मात्र एकट्याने घेतले," असे तो ओरडला आणि सबंध गल्ली हसली. काका हसले नाहीत. वस्तरा घाईने फळीवर ठेवून ते पडद्याआड गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. "राग आला बघा डुलकीला," असे सगळे म्हणाले. पडद्याआड ते ओट्यावर कोसळून पडले होते. सगळे ऐकू येत होते, आणि बोट उचलण्याचीही ताकद अंगात नव्हती.

काकांना हसू आले की त्यांचे अंग गळे. गुडघे मोडत, मान छातीवर पडे, जीभ लुळी होई. थोड्या वेळाने शक्ती परत येई आणि ते काहीच न झाल्यासारखे उठत. ही गोष्ट बाहेर फुटली तर काय होईल, हे दोघे नवराबायको पुरते ओळखून होते. ज्याचा हात गळतो, त्याच्या हातात आपला गळा कोण देणार?

काकू मात्र स्वभावाने विलक्षण विनोदी होत्या. दुपारी त्या दाराशी विणत बसत आणि नवऱ्याची मान कलली की विणायची सुई बाकड्यावर वाजवत. "अहो" या एका शब्दातून त्या जागे करणे, दटावणे, गिऱ्हाईक आल्याचे सांगणे, सगळे साधत. दुकानात त्या तोंडाला कुलूप घालून वावरत. संध्याकाळी दुकानाच्या फळ्या लागल्या की मला वर त्यांचा आवाज ऐकू येई : "बसा आधी. मग सांगते." मग खुर्ची सरकल्याचा आवाज, काकूंचे हळू बोलणे, आणि मग काहीतरी मऊ पडावे तसा धप्प आवाज. मला तेव्हा त्याचा अर्थ लागत नसे. पुढे कळले. नवऱ्याला आधी खुर्चीत बसवून त्या दिवसभराची गंमत त्याला सांगत. तो हसे आणि गळून पडे. डोके टेबलावर आपटू नये म्हणून त्या आपला तळवा तिथे आधीच ठेवत. संसारातले हसणे त्यांनी असे बसून उरकले.

यातून बाहेर राहिली ती त्यांची मुलगी. तिला मैना म्हणत, कारण ती ऐकेल तो आवाज काढी. दूधवाली, शाळेतल्या बाई, नळाची गुरगुर, काही तिच्या तावडीतून सुटले नाही. ती लहान असताना एकदा काका तिला कडेवर घेऊन जिना उतरत होते. तिने त्यांच्या कानात त्यांच्याच घोरण्याची नक्कल केली. पुढचे सांगायला नको. तिच्या हनुवटीवर टाके पडले. ती खूण राहिली; तिला आठवत मात्र एवढेच राहिले की बाबांनी मला पाडले.

त्या दिवसापासून मैनेने नक्कल सुरू केली की काका उठून जात. जेवताना असतील तर ताटावरून उठत. पोर मोठ्या हौसेने घड्याळवाल्याचा खोकला काढून दाखवायची, आई डोळ्यांत पाणी येईतो हसायची, आणि बापाची पाठ दाराबाहेर जायची. "बाबांना मी आवडत नाही का गं?" असे तिने विचारले की काकू म्हणत, "दमतात गं ते." खरे कारण तिला सांगणे दोघांनीही टाळले. ते मैनेच्या तोंडी गेले असते, तर दुसऱ्या दिवशी चौकात त्याचा खेळ झाला असता.

मैना मोठी झाली, एका नाटकमंडळीत कामे करू लागली, हशा मिळवू लागली. काका तिच्या एकाही प्रयोगाला गेले नाहीत. "लेकीची लाज वाटते," असे गल्ली म्हणाली. मैनेलाही तसेच वाटत असावे. ती बापाशी कामापुरते बोले.

मग काकू आजारी पडल्या. फुप्फुसाचे दुखणे होते आणि ते थोडक्यात आटोपणारे नव्हते. इस्पितळात रात्री मैना बसे, दिवसा काका. बूट काढायला त्यांना फुरसत नसे; बोटांना जखमा झालेल्या मी पाहिल्या आहेत. एका दिवशी मैना दुपारीच आली, औषधे आणायला खाली गेली आणि परत आली तेव्हा आई गेलेली होती. काका खाटेशेजारच्या स्टुलावर होते, डोके खाटेच्या दांड्यावर टेकलेले, तोंड अर्धवट उघडे. नर्सला बोलावण्याच्या घंटेचे बटण त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर लोंबत होते.

मैनेने त्यांना हलवले नाही. नर्स धावत आली तेव्हा ती एवढेच म्हणाली, "बाबा झोपले होते."

हे वाक्य गल्लीत पोहोचले. डुलकीच्या झोपेवर त्या दिवशी पहिल्यांदा कुणी विनोद केला नाही. घड्याळवाल्याने मान खाली घातली आणि दुकान अर्धे बंद केले. काकांनी कशाचाही खुलासा केला नाही. मैनेने आपले कपडे एका पेटीत भरले आणि ती नाटकमंडळींच्या बिऱ्हाडी राहायला गेली. निघताना ती बापाला म्हणाली, "तुम्हांला आता उठवायला कोणी नाही. निवांत झोपा."

काकूंची सुई वाजेनाशी झाल्यावर काकांचे दिवस फार अवघड गेले. ते रस्त्यात उभ्याने झोपत. चहा ओतताना झोपत आणि कप भरून वाहू लागला तरी ओतत राहत. एकदा वस्तरा हातात असताना त्यांचे डोळे मिटले आणि गिऱ्हाईकच त्यांचे मनगट धरून ओरडले. त्या दिवशी त्यांनी सगळे वस्तरे पुसून फडक्यात गुंडाळले. मी म्हणालो, "काका, एकदा डॉक्टरांना दाखवू." ते म्हणाले, "आळसाला कसला डॉक्टर?" तरी आले.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी खूप प्रश्न विचारले, एक रात्र तारा लावून झोपवले, आणि मग समजावून सांगितले. मेंदूतली जागे ठेवणारी व्यवस्थाच यांच्यात तोकडी आहे. हसू आले, गहिवर आला की अंगातली ताकद जाते. शुद्ध मात्र जात नाही. ऐकू सगळे येते. हा आजार जन्मभराचा आहे, औषधांनी बराच कमी होईल.

"म्हणजे हा आळस नव्हे?" काकांनी विचारले.

"नाही."

"नक्की?"

"नक्की. उलट, इतकी वर्षं तुम्ही काम केलंत कसं, याचंच मला नवल वाटतंय."

काकांनी टोपी हातात घेतली, परत ठेवली. रस्त्यावर आल्यावर ते म्हणाले, "हिला सांगायला हवं होतं. ती बिचारी जन्मभर लोकांना सांगत आली, आळशी नाहीत हो ते. पुरावा नव्हता तिच्याकडे."

आता वस्तरा नव्हता, तेव्हा लपवण्यासारखेही काही उरले नव्हते. त्यांनी घड्याळवाल्याला स्वतःहून सांगितले. तो म्हणाला, "असा कुठे आजार असतो? मग मलाही आहे. दुपारी जेवलो की लगेच सुरू होतो." काका भिंतीला धरून उभे राहिले.

"मैनेला सांगा," मी म्हणालो.

"काय सांगू? तुझी आई गेली तेव्हा मी झोपलो नव्हतो, हे? ती म्हणेल, डॉक्टरकडून कारण लिहून आणलंत."

त्याच सुमारास मैनेच्या एकटीच्या प्रयोगाची जाहिरात भिंतीभिंतींवर लागली. काका त्या जाहिरातीसमोर दोनदा थांबलेले मी पाहिले. एका सकाळी जिन्यात पाय वाजले. काका एरवी वर येत नसत.

"तुम्ही शेजारी बसाल?"

"बसेन."

"पडलो तर सांभाळाल? माणसांत तमाशा नको."

आम्ही कडेच्या दोन खुर्च्या घेतल्या, भिंतीलगतच्या. काकांनी दाढी करून घेतली होती, दुसऱ्या न्हाव्याकडून. बूट नेहमीचेच, लहान.

मैना एकटीच रंगमंचावर होती आणि रंगमंच भरलेला वाटत होता. तिची घरमालकीण झाली, खिडकीमागचा कारकून झाला. सभागृह हसत होते. काका जबडा आवळून, खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. आणि मग तिने मानेवर ओला पंचा टाकला, चेमटलेल्या बोटांवर तोल सावरत दोन पावले टाकली आणि म्हणाली, "मान सरळ ठेवा."

हुबेहूब काका. वस्तरा धरण्याची ती बोटे, ते उंच गृहस्थ, ती पाटी. पोस्टातल्या कारकुनाची गोष्ट तिने अशी सांगितली की लोक खुर्च्यांवर हात आपटू लागले. खेळातला न्हावी मग गिऱ्हाईक शोधत प्रेक्षकांत उतरला. हातात कंगवा घेऊन ती एकेका रांगेपाशी थांबे, एकेकाची हनुवटी उचलून नाक मुरडी. आमच्या रांगेपाशी ती आली तेव्हा काकांचे डोके माझ्या खांद्यावर पडलेले होते. तोंड अर्धवट उघडे, हात मांडीवरून निसटून लोंबत होते. मी त्यांना काखेत धरून ठेवले होते, नाही तर ते खाली घसरले असते.

मैना थबकली. कुणाच्या लक्षात येणार नाही इतका वेळ. मग ती वाकली, काहीतरी पुटपुटली आणि ताठ होऊन न्हाव्याच्या आवाजात म्हणाली, "हे गिऱ्हाईक झोपलंय. झोपू द्या. यांची जुनी सवय आहे."

सभागृह फुटले. ती वळून गेली. काकांच्या अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी माझ्या बाहीवर उतरत होते. मी ते पुसले नाही. माझे दोन्ही हात गुंतलेले होते.

प्रयोग संपला, माणसे पांगली. काकांच्या अंगात हळूहळू बळ आले. झाडणारा खुर्च्या उचलू लागला तरी आम्ही बसून होतो. मैना आली ती अर्धा रंग पुसलेला तसाच ठेवून.

"कशाला आलात? झोपायला घर नव्हतं?"

काका तिच्याकडे पाहत होते. "कारकुनाची गोष्ट चुकलीस तू," ते म्हणाले. "साबण मी नव्हता पुसला. त्यानेच पुसला."

"ते तुम्ही ऐकलंत, मग झोपलात. मला दिसत होतं वरून."

"नंतर इथे आलीस. वाकलीस. 'आजसुद्धा, बाबा?' असं म्हणालीस. हळू. तुझा श्वास गालाला लागला होता."

मैनेचा हात हनुवटीकडे गेला. तिने माझ्याकडे पाहिले. डॉक्टरीणबाईंनी जे सांगितले होते, ते मी तिला जमेल तितक्या थोडक्यात सांगितले. ती पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर उलटी बसली, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून.

"कधीपासून हे?"

"तुझ्या हनुवटीची खूण आहे ना, त्याच्या आधीपासून. घोरण्याची नक्कल केली होतीस. फार चांगली केली होतीस."

"म्हणून ताटावरून उठायचात?"

"भिंतीला टेकून ऐकायचो. सगळं ऐकलंय मी. खोकल्यापेक्षा नळ चांगला करायचीस."

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"तुला? दुसऱ्या दिवशी गल्लीला तिकीट लावलं असतंस."

मैना हसली, आणि ते हसू मध्येच मोडले. झाडणाऱ्याचा केरसुणीचा आवाज लांब गेला. ती जे विचारणार होती ते आम्हां तिघांनाही ठाऊक होते.

"म्हणजे आई गेली तेव्हा," ती म्हणाली, "तुम्ही जागे होता?"

"होतो."

"ती काही बोलली?"

"तिला धाप लागली म्हणून घंटा दाबायला मी उठलो. हात धरला तिने. म्हणाली, 'बसा आधी. मग सांगते.' बसलो."

"मग?"

"म्हणाली, 'आजवर तुम्ही झोपलात आणि मी जागी राहिले. आता पाळी बदलू या.'"

मैनेने डोळे मिटले. काकांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"मग तुम्ही काय केलंत, बाबा?"

"हसलो."